दुसऱ्या सीटवर कोण?

इचलकरंजी,
८ एप्रिल २०२५

प्रिय संयू,

पाकिटात वर्षभराची बिलं आहेत. सगळी छापून, तारखेनं लावून, टाचण्या मारून. तुझ्या अटीप्रमाणे सोबत हाताने लिहिलेलं पत्रही आहे. बाकीचे कर सल्लागार मोबाइलवर फोटो मागवतात. तू म्हणतेस, "फोनवर काय बोललीस ते मला जुलैत आठवत नाही, लिहून दे." हॉस्टेलवर असताना तू धोब्याकडूनही पावती घ्यायचीस, तेव्हा मी काय बोलणार? आकाराम दर मंगळवारी कापडाचे तागे घेऊन टेंपोनं कोल्हापूरला येतो, त्याच्याच हाती देते आहे.

यंदा पाकीट जरा जाड लागेल. साडीच्या काठ-पदराची डिझाइनं आता ग्राफच्या कागदावर कोण काढतं? सगळं कॉम्प्युटरवर, आणि तिथलं काही विकत म्हणून मिळत नाही, नुसतं भाड्यानं मिळतं. महिना भरला की कार्डातून पैसे आपोआप जातात. डिझाइनचं मुख्य सॉफ्टवेअर तर आहेच. शिवाय रंग जुळवून देणारं एक, साडीच्या चुण्या खऱ्या वाटतील अशी चित्रं करणारं एक, फाइली साठवायचं एक, आणि अशीच आणखी पाच-सहा. सगळं खर्चात धर. कर भरून भरून मी वाळले.

तेजस्वीचं नाव काढायचं नाही असं ठरवून बसले होते, पण ते जमायचं नाही. परवा तिकडं कोल्हापुरात महाद्वार रोडला गेले होते. तीन दुकानांच्या काचेत तिचा काठ लावलाय. कसला, तर उसाच्या तुऱ्याचा! अगं, उसाला तुरा फुटला की वजन घटतं म्हणून शेतकरी कपाळाला हात लावतो, आणि ही बया तोच तुरा साडीवर काढते. आणि बायका तुटून पडतात. चार वर्षं माझ्या टेबलाशी बसून शिकली, लग्न करून कबनूरला गेली, दोन वर्षांत स्वतःचा धंदा काढला आणि आता महाद्वार रोडवर माझ्याच डोळ्यांसमोर टांगून बसली.

काठ चांगला आहे, संयू. तेच तर दुखणं आहे. आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना ऊस, तो तुरा मी जन्मभर बघतेय, आणि मला सुचला नाही. त्यात पाडव्याला तिनं वाडीच्या पेढ्यांचा डबा पाठवला. गेल्या पाडव्यालाही पाठवला होता. सोबत चिठ्ठी नाही, शब्द नाही. बघा, आम्ही कुठं पोचलो, हे दाखवायला नुसता डबा. आमच्या ह्यांनी, जिनपालांनी, दोन दिवसांत संपवला. मी तोंडही लावलं नाही.

बिलं लवकर बघ.

तुझी
आदी

---

कोल्हापूर,
१५ एप्रिल २०२५

प्रिय आदी,

पाकीट मिळालं. टाचण्या मोजल्या तर तुला बक्षीस द्यावं लागेल.

आता कामाचं. कायद्यातलं वाक्य तुला दरवर्षी सांगते, यंदा भिंतीवर लिहून ठेव. खर्च "पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी" केलेला पाहिजे. सॉफ्टवेअरचं मासिक भाडं, ऑनलाइन साठवण, हे सगळं बिनधास्त त्या वर्षाच्या खर्चात धरता येतं. कायमचं विकत घेतलं असतंस तर घसाऱ्याच्या वाटेनं जावं लागलं असतं, भाड्याला ते नाही. मात्र बिल धंद्याच्या नावानं हवं, त्यावर तुझा जीएसटी नंबर हवा. चार बिलांवर तो नाही. कंपनीला मेल कर, बदलून देतात.

मालिका बघायचं जे सबस्क्रिप्शन आहे, त्यावर तू "रंगसंगतीच्या अभ्यासासाठी" असं लिहिलंयस. वाचून मी चहा सांडला. ते काढून टाकलंय. जिनपालभाऊंचा मोबाइल आणि तुझा मोबाइल एकाच बिलात आहे, त्यातलं निम्मंच धरेन.

उरलेल्या बिलांपैकी सात मला कळत नाहीत. तीन सॉफ्टवेअरं एकच काम करतात. एक तर फक्त दुसऱ्याच्या पेजवर किती लोक येतात ते मोजतं. हे कशाला लागतं गं तुला? प्रत्येक बिलाच्या पाठीमागे एका ओळीत कारण लिहून पाठव.

आणि एक. डिझाइनच्या मुख्य सॉफ्टवेअरचा तुझा प्लॅन दोन सीटचा आहे, म्हणजे दोन माणसं एका वेळी काम करू शकतात. एका सीटचे महिन्याला अकराशे पडतात. टेबलाशी तू एकटी. दुसऱ्या सीटवर कोण?

तुझ्या पत्राच्या चार परिच्छेदांतले दोन तेजस्वीचे आहेत. माझ्याबद्दल धोब्याच्या पावतीशिवाय काही नाही. नोंद घेतली आहे.

संयोगिता

---

इचलकरंजी,
२२ एप्रिल २०२५

संयू,

घे तुझी कारणं. बिलांच्या मागे लिहिलीच आहेत, इथंही लिहिते, म्हणजे तुला एकदाच हसता येईल.

रंगांचं सॉफ्टवेअर: तेजस्वीकडे आहे म्हणून. चुण्यांचं: तेजस्वीच्या पेजवर तसली चित्रं दिसली म्हणून. त्याच कामाचं दुसरं: पहिल्यानं तिच्यासारखं जमेना म्हणून. तिसरं: दुसऱ्यानंही जमेना म्हणून. इंग्रजी बोलायचा क्लास: तिनं बंगळूरच्या दुकानदाराशी इंग्रजीत बोलतानाचा व्हिडिओ टाकला म्हणून. फोटोची पार्श्वभूमी बदलायचं: तिच्या साडीमागे राजवाडा दिसला म्हणून. पेज मोजायचं: कुणाचं पेज मोजते ते तुला वेगळं सांगायला नको. सगळं धंद्यासाठीच आहे. ती नसती तर मला यातलं काहीच लागलं नसतं, आणि धंदा नसता तर ती मला लागली नसती. आता हे "पूर्णपणे आणि केवळ" मध्ये बसव. त्यासाठीच तुला फी देते.

दुसऱ्या सीटचं काही आठवत नाही. जिनपालांच्या मागाच्या शेडमधल्या कॉम्प्युटरवर असेल. मागातलं डिझाइन तिथं उघडून बघावं लागतं. धर तू.

आता तू माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. आज पाकीट द्यायला गेले तर आकारामनं सीटखालून दुसरं पाकीट काढून त्याच्यावर माझं ठेवलं. म्हटलं, हे कुणाचं? तर म्हणतो, "त्येबी त्याच हापिसात द्यायचं की, वैनी. कबनूरच्या तेजस्वीताईंचं. दर म्हैन्याला असतंय. तुमचं खाकी, त्यांचं पिवळं, म्हणून चुकत न्हाय बघा."

दर महिन्याला! मी वर्षातून एकदोनदा पाठवते आणि ती दर महिन्याला! माझी विद्या नेली, माझी गिऱ्हाइकं नेली, आता माझी संयूही नेली? तू तिचं काम घेतलंस आणि मला सांगितलं नाहीस. माझी पत्रं आणि तिची पत्रं एकाच टेबलावर उघडतेस. तिला लिहितेस का गं, "टाचण्या मोजल्या तर बक्षीस द्यावं लागेल" म्हणून?

आदिती

---

कोल्हापूर,
६ मे २०२५

आदिती,

उत्तराला उशीर झाला. घरी थोडं होतं.

माझ्याकडे कोणाचं पाकीट येतं, किती वेळा येतं, त्यात काय असतं, हे मी कोणालाही सांगत नाही. तुझ्याबद्दल विचारलं तर त्यांनाही सांगणार नाही. हे तुला आवडो न आवडो.

"तेजस्वीकडे आहे म्हणून" हे कारण आयकर खात्यात चालत नाही. मी त्याचं "बाजारातल्या स्पर्धकांच्या बरोबरीची साधनं" असं केलंय आणि रंगांचं व चुण्यांचं पहिलं, ही दोन धरली आहेत. बाकीची पाच तुझ्या एकाही साडीच्या कामी आली नाहीत, असं तुझ्याच पत्रावरून दिसतं. ती आज बंद कर. कामी न येणाऱ्या वस्तूचं भाडं भरण्यात धंदा कुठं आहे, हे मला कोणी विचारलं तर सांगता येणार नाही.

दुसऱ्या सीटचं "असेल" वर मी सही करत नाही. खात्याच्या पानावर जाऊन नाव बघ आणि कळव.

संयोगिता

---

इचलकरंजी,
२७ मे २०२५

संयोगिता,

बघितलं. खात्याच्या पानावर दोनच नावं आहेत. पहिलं माझं. दुसरं तेजस्वीचं.

सहा वर्षांपूर्वी ती कामाला लागली तेव्हा मीच तिच्यासाठी ती सीट घेतली होती. ती गेली, भांडून गेली, आणि ती सीट बंद करायची मला आठवणच राहिली नाही. कार्डातून पैसे जात राहिले. दोन वर्षं माझी स्पर्धक माझ्या पैशांनी माझ्या सॉफ्टवेअरवर बसून माझ्याविरुद्ध काठ काढतेय! तो तुऱ्याचा काठसुद्धा! महाद्वार रोडच्या काचेतल्या त्या प्रत्येक साडीला माझं भाडं लागलंय. आणि मी इकडं बारीक तोंड करून इंग्रजीचे क्लास विकत घेतेय.

नावापुढे हिरवा ठिपका होता. म्हणजे त्या क्षणी ती काम करत होती. मी दुपारभर त्या ठिपक्यापुढे बसून राहिले. भाकरी थापायच्या राहिल्या. मग तिच्या फाइली उघडल्या. माझं खातं, माझा हक्क. तुऱ्याच्या काठाचे कच्चे नमुने होते. काढलेले, खोडलेले, पुन्हा काढलेले. काठ वळतो तिथं कोपऱ्यात ग्राफमधलं एक घर मोकळं सोडायची माझी सवय आहे, धागा ओढला जाऊ नये म्हणून. तिनं प्रत्येक नमुन्यात ते घर सोडलंय. मला इतका राग आला की सांगू नये.

तिच्या नावापुढे बटण आहे. "काढून टाका." एकदा दाबलं की झालं. आणि आत्ताच दाबायची वेळ आहे. गौरी-गणपतीच्या साड्यांचं विश्वजितशेठचं काम तिला मिळालंय. दहा वर्षं ते माझं होतं. पंधरा जूनपर्यंत सगळी डिझाइनं द्यायची आहेत. सीट गेली की फाइली उघडायच्या नाहीत. शेठ थांबणारा माणूस नाही, तो दुसऱ्या दिवशी माझ्या दारात येईल.

तू मला विचारलंस, "दुसऱ्या सीटवर कोण?" तो प्रश्न तू उगाच विचारला नव्हतास. तिच्या पिवळ्या पाकिटात सगळी बिलं असतील आणि हेच एक नसेल. तुला माहीत होतं. मैत्रीण म्हणवतेस आणि मला चोराच्या शोधात माझ्याच घरात फिरवलंस.

बटण मी दाबणार आहे. तुला विचारत नाही, सांगतेय.

आदिती बोरगावे

---

कोल्हापूर,
३ जून २०२५

आदिती बोरगावे,

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा आडनावासकट सही केलीस. ठीक आहे.

मला माहीत होतं की नव्हतं, हे मी आजही सांगणार नाही आणि तू मेलीस तरी सांगणार नाही. दोन सीट आणि एक बाई दिसली तर मी प्रत्येकाला हाच प्रश्न विचारते.

आधी कामाचं लिहिते, म्हणजे राग आवरेल. जी सीट तुझ्या धंद्यासाठी वापरली जात नाही, तिचे पैसे तुझ्या खर्चात धरता येत नाहीत. यंदाचे मी धरत नाही. मागच्या वर्षी "असेल, असेल" करत तू धरायला लावलेस, ते विवरणपत्र सुधारून भरावं लागेल, वरचा कर आणि जादा रक्कम भरून. जीएसटीची वजावट घेतली तीही उलटवावी लागेल. आकडा मोठा नाही. बटण दाबणं न दाबणं हा माझा विषय नाही. प्लॅनच्या अटी वाचल्या, बाहेरच्या माणसाला सीटवर बसवायला बंदी नाही. ठेवलीस तर कशासाठी, ते लिहावं लागेल. काढलीस तर तारीख लिहावी लागेल.

आता बिनकामाचं.

मागच्या पत्रात "घरी थोडं होतं" असं मी लिहिलं होतं. काय होतं, हे तू विचारलं नाहीस. आबा आयसीयूत होते. हॉस्टेलवर दर महिन्याला आपल्या दोघींसाठी गूळपोळ्या घेऊन यायचे, ते सयाजी आबा. मी दवाखान्याच्या बाकावर बसून तुझी सात कारणं वाचली. प्रत्येक ओळीत तेजस्वी. ती काय घेते, काय बोलते, कुणाशी बोलते, तिच्या पेजवर किती माणसं येतात. तू तिचं पेज मोजायला पैसे भरतेस आणि माझे वडील जगले की गेले हे तुला फुकटातही जाणून घ्यावंसं वाटलं नाही.

मला हेवा वाटतो तिचा. लिहिलं बघ. माझ्याकडे कधी इतकं लक्ष दिलं आहेस का तू? मी परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाले तेव्हा "बरं झालं" म्हणालीस. शाहूपुरीत स्वतःचं ऑफिस घेतलं, तू अजून पायरी चढली नाहीस. मला वाटायचं, आदीचा स्वभावच तसा, ती कुणाकडे बघत नाही. तर तसं नव्हतं. तुला बघता येतं. चांगलं दिवस दिवस हिरव्या ठिपक्याकडे बघता येतं.

आबा आता घरी आहेत.

संयोगिता

---

इचलकरंजी,
१० जून २०२५

संयू,

पहिल्या ओळीतच लिहिते. चुकलं. तोंड दाखवायला जागा नाही, तरी रविवारी येणार आहे. आबांना सांग. गूळपोळ्या या वेळी मी आणते. तुझ्या ऑफिसची पायरीही चढून येईन.

आता जे झालं ते तुलाच सांगायला पाहिजे. रागावू नकोस. दुसरं कुणाला सांगू?

बटण दाबण्याआधी तिला तोंडावर विचारायचं ठरवलं. दोन वर्षं दुसऱ्याच्या सीटवर बसताना लाज वाटली नाही का, एवढंच. जिनपालांना सांगितलं नाही, स्कूटर काढली आणि कबनूर गाठलं. गल्लीत मागांचा खडखडाट, त्यातच तिचं घर. दारात तिची सासू, बनाबाई, तांदूळ निवडत बसलेली. मी नाव सांगितलं तर बाई सूप टाकून उठली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "आगं तेजू, ताई आल्या, तुझ्या ताई! या की, आत या. ह्याच व्हय त्या! सीट चालू ठिवली न्हवं तुमी? सगळ्या गल्लीला सांगितलंय म्या. लगीन करून गेलेल्या पोरीची जागा कोण ठिवतंय वो? हिच्या म्हायेरच्यांनी हिच्या खोलीत भाडेकरू घातला. सांगून बी न्हाय. आनि तुमी, परक्या बाईनं, दोन वर्सं जागा राखली!"

शेजारच्या दोघी बघायलाच आल्या. मी चपला काढत राहिले. दोनच चपला, पण किती वेळ काढत होते कोण जाणे.

तेजस्वी आतून आली. वाळलीय. डोळ्यांखाली काळं आलंय. पाया पडली. म्हणाली, "ताई, त्या दिवशी तुम्ही 'जा, तुझं तू बघ' म्हणालात ना, मला वाटलं सगळं संपलं. रात्रभर रडले. दुसऱ्या दिवशी उगाच उघडून बघितलं तर चालू. तवा कळलं, ताई तोंडानं बोलत्यात, पण जागा काढून घेत नाहीत. अजून दर महिन्याला वाटतंय, आता बंद पडणार. पडतच नाही. आभार मानायला फोन करणार होते, पण तुम्हाला आभार मानलेलं चालत नाही, माहीत हाय मला. म्हणून पाडव्याला नुसते पेढे पाठवते. ताईंना कळतंय म्हटलं."

संयू, मी दोन वर्षं त्या पेढ्यांना शिव्या घातल्या.

मी काय बोलणार होते? मी विसरले होते म्हणून तुझी सीट राहिली, हे? तीन बायका माझ्याकडे देवळातल्यासारख्या बघत होत्या. मी म्हटलं, "काम कसं चाललंय?" तिनं विश्वजितशेठच्या साड्यांची डिझाइनं दाखवली. एकात करवंदीची जाळी काढलीय, काळी-तांबडी. एवढी सुरेख आहे की मी तिच्यात चूक शोधायला लागले. तिथंच, तिच्या घरात, तिच्या चहाचा कप हातात धरून. बनाबाईनं ओटी भरली. पेढ्यांचा डबा दिला.

घरी येऊन डबा उघडला, एक खाल्ला. चांगले असतात गं ते पेढे. जिनपाल दरवर्षी एकटे का खातात ते आज कळलं.

कॉम्प्युटर लावला. हिरवा ठिपका होताच. बटणही होतंच. मी अजून काही केलेलं नाही.

तुझी आदी

---

कोल्हापूर,
१७ जून २०२५

आदी,

रविवारी आलीस. आबांनी तुला ओळखलं, "ही ती गूळपोळीचा मधला भाग खाऊन कडा ठेवणारी" म्हणून. तू गेल्यावर म्हणाले, पोरगी वाळली नाही, उगाच सांगते. तू आणलेल्या पोळ्या त्यांच्या हातच्यापेक्षा कडक होत्या, हेही मोठ्यानं म्हणाले.

ऑफिसची पायरी चढलीस, खुर्चीत बसलीस, कपाटाचं कौतुक केलंस. मग घड्याळात बघून तासभर करवंदीच्या जाळीबद्दल बोललीस. मी मोजत नव्हते. कपाटाबद्दल तीन वाक्यं झाली. चला, सुरुवात तर झाली.

विवरणपत्र तयार आहे. सगळ्या बिलांपुढे कारण लिहिलंय, सह्या करून पाठव. फक्त एका ओळीपुढे जागा मोकळी आहे. "डिझाइन सॉफ्टवेअर, दुसरी सीट." तुझं पंधरा जून उलटून गेलं. काय केलंस, ते मी रविवारी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. आता हाताने लिही. कशासाठी?

संयू

---

इचलकरंजी,
२४ जून २०२५

प्रिय संयू,

सह्या केल्यात. टाचण्या मुद्दाम वाकड्या मारल्यात, तू बक्षीस देत नाहीस म्हणून.

आधी तुझं. ते कपाट मला खरंच आवडलं, आणि ते मला का घेता आलं नाही म्हणून घरी येऊन जिनपालांशी भांडले. झालं समाधान? तुझाही हेवा वाटतो मला, अगदी मनापासून. पुढच्या पत्रापासून वाटणी करेन. तू सांगितलेली बाकीची पाचही बंद केली. पेज मोजायचं सगळ्यात शेवटी बंद केलं, आणि बंद करण्याआधी एकदा मोजलं.

पंधरा जूनला तिची डिझाइनं शेठकडे गेली. शेठनं मला फोन करून सांगितलं, "वैनी, तुमच्या हाताखालची पोरगी हाय, दिसतंय की." कोपऱ्यातलं ते मोकळं घर त्यानं ओळखलं असणार. मी फोन ठेवला आणि गोठ्याकडे जाऊन उभी राहिले. आनंद झाला असं म्हणणार नाही. खोटं आहे ते. जळले. पण बटण दाबलेलं नाही.

बनाबाईच्या गल्लीत एक बाई आहे. ती तोंडानं फटकळ आहे, पण पोरीची जागा काढून घेत नाही. पोरगी रोज सकाळी कॉम्प्युटर उघडते तेव्हा त्या बाईचं नाव घेते. गल्लीतल्या बायका तिची गोष्ट आपल्या सुनांना सांगतात. त्या बाईला मी ओळखत नाही, संयू. माझ्या नावानं हिंडते, माझ्या कार्डातून पैसे भरते, आणि माझ्याहून कितीतरी बरी आहे. तेजस्वीच्या तुऱ्याचा जेवढा हेवा वाटला नाही तेवढा मला त्या बाईचा वाटतो.

तेजस्वीला यातलं काही कळता कामा नये. पुढं कधीतरी तिला सांगेन की सीट स्वतःच्या नावानं काढ, म्हणजे तुलाही खर्चात धरता येईल. ते तुझ्याकडून ऐकलं तर पटेल तिला. पण एवढ्यात नको. एवढ्यात जागा माझ्याकडंच राहू दे.

मोकळ्या ओळीपुढे लिहिलंय, तरी इथंही लिहिते, म्हणजे जुलैत आठवेल. दुसरी सीट: धंद्यासाठी नाही. खर्चात धरू नये. मागच्या वर्षीचंही सुधार, जो काय जादा कर बसेल तो भरते. ती बाई व्हायला महिन्याला अकराशे रुपये पडतात, आणि त्यात मला वजावट नको.

तुझी
आदी